वीस मोजेपर्यंत

चारही माग विकले तेव्हा नानांनी
शेडची तुळई विकू दिली नाही.
भंगारवाला म्हणाला, खरं वजन तर हिच्यातच आहे.
नाना म्हणाले, म्हणूनच.

आता तुळईला चेनब्लॉक लटकतोय,
यल्लप्पाकडून भाड्याने, दिवसाला दोनशे,
आणि साखळीच्या टोकाला आमच्या अँबॅसिडरचं पेट्रोल इंजिन
संथ फिरतंय,
खाटकाकडे बोकड फिरतो तसं.
काळं तेल ठिबकतं
नेमकं तिथे, जिथे फरशीत दुसऱ्या मागाचे बोल्ट होते.

गाडीखालून मौलालीचाचा ओरडतात,
"बॅटरी नीट धर पोरी, कुठं बघूलालीस?"

वायरी मी सोडल्या.
अम्माच्या सुपातली तेंदूची पानं चौकोनी कापून
पेनाने लिहिलं: डायनमो. हॉर्न. डावा दिवा. काय माहीत नाही.
(शेवटच्या नावाच्या तीन वायरी होत्या.)
विडीच्या दोऱ्याने बांधलं, अम्मा घालते तशा गाठीने.
अम्मा उंबऱ्यात विड्या वळत होती.
हजार झाल्याशिवाय मान वर न करणारी,
त्या दिवशी सातशेलाच थांबली:
"संपलं का तुमचं लोखंडाचं बाळंतपण?"

नवं इंजिन, म्हणजे जुनंच, मॅटाडोरचं,
बार्शी रस्त्यावर तीस वर्षं दुधाचे कॅन ओढलेलं,
डिझेलवर चालणारं,
आणि चार बोटं लांब.
चार बोटांपायी पाच दिवस गेले.
रेडिएटर पुढे सरकवला, पंख्याची पाती कापली,
बॉनेटच्या कुलपाला हातोडीने समजावलं.
तरी इंजिन एका अंगाला कलतंच.
सहाव्या दिवशी नाना माळ्यावर चढले
आणि मागाचे पिकर घेऊन उतरले,
म्हशीच्या कातड्याचे, तेलात मुरलेले,
धोट्याचे धक्के खाऊन खाऊन
दगड झालेले.
ब्रॅकेटखाली एकावर एक दोन ठेवले
आणि मला नाही, चाचांना नाही,
त्या कातड्याला म्हणाले, "इंका कोंचम."
अजून थोडं.

शेजारचे मास्तर बघायला आले.
"म्हणजे हृदयच बदललं म्हणा की!"
चाचांनी पान्याने पाठ खाजवली.
"हृदयाला गास्केट असतं का मास्तर?"

तोवर मे सरत आलेला.
पत्र्यावर कावळा दोन पाय एकदम टेकत नव्हता.
माझी लेबलं वाळून चुरा झाली,
वायरींवर नुसत्या गाठी.
आठवून आठवून जोडलं:
ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला.
अम्मा हसली, तोंडात पदर कोंबून,
कधी नव्हे ती.

रविवारी पहाटे.
ग्लो प्लग तापेस्तोवर वीस मोजायचे.
नानांनी तेलुगूत मोजले, चाचांनी उर्दूत,
मी मराठीत,
तिघं वीसला वेगवेगळ्या वेळी पोचलो.
अम्मा नऊशे चाळीसवर होती,
ती मोजतच राहिली.

किल्ली फिरली. धूर. काही नाही.
पुन्हा वीस.
आणि मग पत्रा थरथरला, सूप थरथरलं,
फळीवरचा स्टीलचा पेला सरकत सरकत काठाशी आला:
खट खट खट खट.

भिंतीपलीकडून अंबूबाई ओरडल्या,
"माग परत आणले की काय हो?"

नाना काही बोलले नाहीत.
ॲक्सिलरेटर जरासा दाबून धरला, बराच वेळ.

आता गाडी अक्कलकोट रस्त्याने जाते, येते.
आरटीओतले साहेब म्हणतात, कागद आणा, मग बघू.
जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात आहे,
चादरीखाली, आमच्याच मागावरच्या शेवटच्या,
एक काठ चुकलेल्या.
तापमानाचा काटा नव्या इंजिनला जोडायचा राहिला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
काटा थंडवर बसलेला.
मी म्हटलं, नाना, जोडून टाकते.
ते म्हणाले, राहू दे.
होटगी नाक्याला गाडी उभी करून उतरतात,
बॉनेटवर तळवा ठेवतात,
आणि ओठ हलताना दिसतात.
काहीतरी मोजत असावेत.