पंच्याऐंशीवा प्रश्न

पंच्याऐंशीव्या प्रश्नाला पडदा मिटला.
पास की नापास, काही बोलला नाही.

सीपीआरच्या नाइट ड्यूटीत पाठ केलं होतं:
बरोबर आलं की पुढचा अवघड,
चुकलं की सोपा.
म्हणून सोपा आला की पोटात गोळा.
मधेच विचारलं, हात कधी धुवावेत.
इतकी खाली घसरले मी?

आज वडणग्यात, गुऱ्हाळावर.
तातोबा गुळव्या उकळता पाक
गार पाण्यात सोडतो,
गोळी वळते का बघतो चिमटीत,
मान हलवतो, जाळ घालायला सांगतो.
मनगटावर जुना भाजल्याचा डाग,
मी नकळत त्याची खोली मोजते.

"किती वेळा बघायचं, मामा?"
"कधी तीनदा, कधी धा येळा.
माझा संशय फिटला की झालं."

"आणि बिघडलाच असला तर?"
"त्येबी लवकर कळतंय की."

काहील वाफ्यात उलटली.
वाफेत कुणाचंच तोंड दिसेना.
मोबाईल पाहिला. निकाल उद्या.

काठाला चिकटलेला गूळ
त्यानं उसाच्या कांडीवर घेऊन दिला.
"फुंकून खा, सिस्टर."