चार नळ्या

गाडी चालत असते तोवर गळत नाही.
पाणी छताच्या कापडामागे दबा धरून बसतं,
सिग्नल लाल झाला, ब्रेक लागला
की पुढे सरकून नेमकं
दोन्या ओर्तेन्सियाच्या डाव्या खांद्यावर.

ती काही बोलत नाही.
डोक्याला आंघोळीची प्लास्टिक टोपी,
मांडीवर भांड्याचं झाकण,
दर गुरुवारी डायलिसिसला निघते अशी
जणू गाडीत पाऊस
तिकिटातच धरलेला असतो.

गाडी रोलांदोची.
म्हणजे तिच्या मुलाची,
म्हणजे माझा नवरा होता त्याची.
सिगारेटचा धूर वर जावा म्हणून काचेच्या छताची निवडलेली,
सत्त्याण्णवची सुबारू, रंग जुन्या वाइनचा.
आता तो अंतोफागास्ताच्या खाणीवर असतो,
तिथल्या वाळवंटात छताला भोक असलं तरी
कुणाचं काही बिघडत नाही.
वाल्दिव्हियात गाडी माझ्याकडे राहिली.
आईही राहिली.
कागदावर त्यातली फक्त गाडी आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी सिलिकॉन भरलं. काळं.
दुसऱ्या हिवाळ्यात पांढरं, कारण काळं संपलं होतं.
तिसऱ्यात मासळीबाजारातून ताडपत्री आणली,
ती पुलावरून उडून नदीत पडली
आणि धक्क्यावर लोळणाऱ्या समुद्रसिंहांपैकी एकाने
मान वर करून आमच्याकडे पाहिलं,
भाडेकरूकडे पाहावं तसं.

काचा आतून धुरकट. गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास.
एका सकाळी सीटच्या पट्ट्याशी चक्क अळंबी उगवलेली,
एकच, नाजूक.
दोन्या ओर्तेन्सियाने ती काढू दिली नाही.

शेवटी कोपऱ्यावरचा एरिबेर्तो वाइकिल,
जो फक्त सायकली दुरुस्त करतो,
माझ्या सिलिकॉनवर नखाने टकटक करत म्हणाला,
हे रबर पाणी अडवायला नसतंच.
पाणी आत येणार, हे बनवणाऱ्याने आधीच कबूल केलेलं.
काचेखाली पन्हळ आहे, पन्हळीला चार कोपरे,
कोपऱ्यांना चार नळ्या,
खांबांच्या पोटातून चाकांपाशी उतरणाऱ्या.
तुमच्या तुंबल्यात. बस्स.

बस्स.
इतके हिवाळे मी रेडा सोडून
पखालीला औषध पाजत होते.

ब्रेकची जुनी केबल, टोक घासून बोथट केलेली,
तो एकेक बोट आत सारत गेला.
जोर करायचा नाही,
नळी आतल्या आत सुटली तर अख्खा खांब उघडावा लागतो.
पुढची डावी : गाळ आणि पाइनच्या सुया.
मागची डावी : कोळ्याचं रिकामं घर.
मागची उजवी : एक मऊ काळा गोळा,
त्यात सिगारेटचं थोटूक,
फिल्टरवरची सोनेरी रेघ अजून शाबूत.

दोन्या ओर्तेन्सियाने ते तळहातावर घेतलं.
उलटं केलं. सुलटं केलं.
"म्हणायचा, सोडली,"
ती म्हणाली.
पाच वर्षांत माझ्यासमोर
त्याच्याबद्दल इतकंच.
मग आम्ही दोघी हसत होतो की काय ते कळेना म्हणून
एरिबेर्तो उगाच पाना शोधू लागला.

मी पन्हळीत मग्याने पाणी ओतलं.
ती काठी टेकून चाकाशी वाकली,
एकेका चाकाशी, रस्त्यावरच, टोपीसकट.
आलं, म्हणाली.
आलं.
हेही आलं.

चौथी, पुढची उजवी, उघडली नाही.
ती बहुधा आत सुटलीच आहे, एरिबेर्तो म्हणाला,
पाऊस उघडला की बघू.
पैसे त्याने तीन नळ्यांचे घेतले.

पुढच्या गुरुवारी सिग्नल लाल झाला.
दोघींनी वर पाहिलं.
छताचं कापड कोरडं, एका डागापुरतं सोडून.
एक थेंब आला, घुटमळला,
आणि तिच्या उजव्या खांद्यावर पडला.

दोन्या ओर्तेन्सियाने झाकण
डाव्या मांडीवरून उजव्या मांडीवर घेतलं.
"हिरवा झालाय," म्हणाली.