येणे बाकी

दवाखान्याच्या कागदावर एक रकाना होता,
‘जबाबदार व्यक्ती’.
तिथं मी सही केली. मराठीत, घाईत.
भूदेवी स्ट्रेचरवर, माझ्या बोटांना मागाचं तेल.
ते देणं मला ठाऊक आहे :
एकसष्ट हजार, महिन्याला दोन.
खिडकीतला पोरगा पावती फाडताना
वर बघत नाही. बरंच आहे.

ही वही मात्र ठाऊक नव्हती.
दिवस झाल्यावर सापडली, पत्तीच्या पोत्याखाली,
तंबाखूचा वास, विडीच्या दोऱ्यानं बांधलेली.
सगळं तेलुगूत.
तेलुगू मी बोलतो, भांडतो,
परवा रडलो तेही तेलुगूतच.
वाचता येत नाही.
मला मराठी शाळेत घातलं, तिला तेलुगू.
अठ्ठावीस वर्षं एका खोलीत
आणि तिचं अक्षर मला
नुसते गोल गोल शेंगदाणे.

शेजारची हर्षिता आठवीत आहे.
तिला चहा-खारी देऊन बसवलं.
ती बोट ठेवून वाचत गेली :
नागमणी येमुल, एक्स-रेला सातशे.
जुबेदा, रिक्षाचे साठ. दोनदा.
मुनीमाकडून उचल दोन हजार, पैकी फिटले चारशे.
कस्तुरव्वा, दोन हजार सहाशे विड्या.

विड्या?
हो मामा, विड्याच लिहिलंय.

तापाच्या दिवसांत हिचा हजार भरावा म्हणून
कस्तुरव्वा आपल्यातल्या काढून हिच्यात टाकायची.
मी रात्रपाळीला. मला वाटायचं,
ताप असला तरी हिचा हात चालतो.

कोर्टाजवळचा वकील म्हणाला,
हातउसन्याला कागद नाही, साक्षीदार नाही,
तुम्ही काही देणं लागत नाही.
एवढं सांगायचे त्यानं तीनशे घेतले.
त्याचं बरोबरच असेल.
पण सकाळी आठला, कमरेला टोपल्या लावून,
त्या बाया माझ्याच दारावरून कारखान्याला जातात.
थांबत नाहीत. मागत नाहीत.
फक्त दारापाशी आल्या की त्यांचं बोलणं बंद पडतं,
वीज गेल्यावर माग पडतात तसं.

जुबेदानं आधी घेतले नाहीत, मग घेतले.
नागमणीनं मोजून घेतले.
मोजले ते बरं वाटलं.

विड्यांचं काय करायचं?
पाळीवरून येऊन साचा धरला, पत्ती कापली.
तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी ही बोटं,
तासाभरात अकरा विड्या.
कस्तुरव्वानं एकेक दाबून बघितली,
नऊ छाटीत टाकल्या, दोन ठेवल्या,
तोंडावर पदर धरला. हसली की काय, कळलं नाही.
दोन हजार पाचशे अठ्ठ्याण्णव राहिल्या.

एक सांगायचं राहिलं.
त्या दिवशी शेवटच्या पानावर हर्षिता अडली होती.
तिथं माझं नाव होतं.
भूदेवीनं ते कधी तोंडानं घेतलं नाही,
आमच्यात घेत नाहीत.
लिहिलं होतं पूर्ण, बापाच्या नावासकट.
पुढं : माझ्यापायी सहा पाळ्या बुडाल्या.
अडीच हजार. द्यायचे आहेत.

हर्षितानं पेन उघडलं.
मामा, हे खोडू? हे तर तुमचंच.

राहू दे, म्हटलं.
एवढं येणं राहू दे माझं.

तिनं पेनाला टोपण लावलं
आणि पानावर सांडलेला खारीचा चुरा
हळूच फुंकून काढला.