खोळ

साहेब गाडीत असले तरच झेंडा उघडा.
उतरले की मी त्यावर खोळ चढवतो,
दाभोळला आई उशीला चढवायची तशी, कोपरे ओढून.

सत्तावीस वर्षं, आठ राजदूत, एकच मस्कत.
इथे वशिला चालत नाही:
सुलतानांना ज्यानं अधिकारपत्र आधी दिलं, तो रांगेत आधी.
म्हणून अमेरिकेचा साहेब
कधी आमच्या खांद्याला खांदा लावून,
कधी मध्ये पंधरा देश.

पोखरणच्या वर्षी दोघांनी हात मिळवला, फोटोपुरता.
साडेआठला मी घरी. भात गरम होता.
पुढं अणुकराराचं बोलणं निघालं
आणि दारात उभ्याउभ्या त्यांच्या गप्पा सरेनात.
त्यांचा ड्रायव्हर वलीद बलुशी म्हणाला,
"सरगुरोह, हे दोघे रुसलेले होते तेच बरं होतं."
डिक्कीतून त्यानं हलवा काढला.
बोटं पुसायला मी पेपर दिला, जुना,
रुसव्याच्या दिवसांतला.

आत काय ठरलं, आम्हाला कोण सांगतो?
मला आरसा सांगतो.
एकदा परतताना साहेबांनी बूटच काढले.
एकदा कागद मांडीवर पालथा घालून
घरापर्यंत समुद्र बघत बसले.

काल आठवे गेले.
विमानतळावर हात पुढं केला, पहिल्यांदाच.
माझ्या हाताला पॉलिशचा वास.

येताना मागची सीट रिकामी, झेंड्यावर खोळ.
कुरुमच्या सिग्नलला वलीदची गाडी शेजारी आली.
त्याचा झेंडा उघडा होता.
काच खाली करणं शक्यच नव्हतं.
त्यानं नुसती भुवई उडवली.