पिवळी

ओहोटीला सगळ्याच होड्या गरीब गाई, म्हणाला एलिसेओ सुतार.
चिखलात रुतलेली होडी म्हणजे खाटेवर निजलेला दारुडा,
तोल कुठला कळणार?
पाणी येऊ दे.

मग आम्ही बसून राहिलो दाल्काउएच्या किनाऱ्यावर,
रोसामेल, मी, आणि टोपलीत सकाळचे उकडलेले बटाटे.
चिलोएत भरती तशी झपाट्यानं चढते,
पण वाट पाहिली की तिचेही पाय दुखतात.

रोसामेलला आवडली होती हिरवी.
अरुंद, लांब नाकाची, वारा कापत जाईल अशी.
तिच्याभोवती तो दोनदा फिरून आला,
तळावर बोटानं टकटक केलं, कान लावला,
उजवा कान.
डाव्यात गेल्या हिवाळ्यापासून भोवरा आहे.
तापातून उठला तेव्हा भिंत धरून उठला,
त्या भिंतीबद्दल आम्ही दोघंही पुन्हा बोललो नाही.

पाणी आलं.
हिरवी तरंगली आणि लगेच नाचायला लागली.
रोसामेल आत उतरला,
काठ धरायचा सोडून त्यानं एलिसेओचा खांदा धरला.
एवढंच.
कुणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं.
एलिसेओ दोराची गाठ तपासत राहिला, भला माणूस.

"ती पिवळी कशी आहे?" मी विचारलं.
"ती? परात आहे ती," रोसामेल हसला.
"रुंद बूड. बटाट्याचा गोळा मळ तिच्यात."

एलिसेओ म्हणाला, परात तर परात.
पण निव्वळ सपाट बुडाची आधी हलत नाही, म्हणून माणूस फसतो.
लाट तिरकी आली की तीही लाटेइतकीच तिरकी होते,
आणि मग सांगूनसवरून नाही उलटत.
ही तशी नाही. हिच्या बाजू वर जाताना पसरल्यात.
थोडी कलते. मग थांबते.
हलणं काय बघता, थांबणं बघा.

मी बूट काढले, आत गेले,
बाकावर नाही, थेट काठावर बसले,
झगा आवळून, बटाट्यांच्या टोपलीसकट,
लग्नानंतर वाढलेलं सगळं वजन घेऊन.
होडी कलली. पाणी माझ्याजवळ आलं,
चार बोटं उरलं,
आणि तिथंच थांबलं,
उंबऱ्याबाहेर घुटमळणाऱ्या शेजारणीसारखं.

"मला हीच हवी," मी म्हणाले.
"मला पाण्याची भीती वाटते."

बत्तीस वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं.
माझा बाप पाणबुड्या होता, मी चालायच्या आधी पोहायला शिकले.
रोसामेलनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग एलिसेओकडे वळून म्हणाला,
"काय करणार. बाई भित्री आहे."
आणि किमतीवर हुज्जत घालायला लागला,
अगदी पहिल्यासारखा, हातवारे करून.

या नावेला अजून नाव नाही.
तो परात म्हणतो. मी काहीच म्हणत नाही.
काल गळाला रोबालो लागला, हातभर लांब,
तो ओढायला उभा राहिला,
विसरून उभा राहिला.
होडी कलली.
मी बटाटा सोलत होते, सुरी तशीच धरून थांबले.
होडीही थांबली.