चौथा रकाना

नसरीननं वहीत तीन रकाने आखले:
पवनगती, तुरंग, आणि इराण्णाचं वर्कशॉप.
इराण्णाच्या ट्रेलरला ब्रँड नाही.
दारामागं खडूनं नंबर टाकतो,
तोही पुसट.

होटगी रोडच्या शोरूमात
पवनगतीचा पोरगा पांढऱ्या बुटांनी रॅम्पवर चढला.
काका, ॲल्युमिनियम आहे, गंजायचं नाव नाही.
रबरी सस्पेन्शन, एलईडी, पाण्याची टाकी,
खोगीर ठेवायला वेगळी खोली.
मी म्हटलं, आणि घोडी कुठं उभी राहते?
तो म्हणाला, काका, हे सगळं घोडीसाठीच तर आहे.
किंमत त्यानं कागदावर लिहून दिली,
तोंडानं सांगितली नाही.

तुरंगचं लोखंड जाड.
दार दोन झडपांचं, वरची उघडी टाकली की वारा खेळतो.
नसरीननं तिथं बरोबरची खूण केली.
पण तळाला नुसती चेकर्ड प्लेट.
मूत सांडलं की त्या प्लेटवर नाल
साबणावरून जावी तशी जाते.
हे तुरंगला माहीत नाही,
मला आहे.

गुलछडीच्या डाव्या गुडघ्यावर
चार आण्याएवढी जागा आहे, तिथं केस येत नाहीत.
तुळजापूरचं लग्न, भाड्याचा टेम्पो,
पत्र्यावर ओंजळभर उसाचं पाचट.
तामलवाडीच्या अलीकडं ब्रेक लागला.
कुत्रं आडवं आलं, ड्रायव्हर म्हणाला.
मागून जो आवाज आला
तो मी पुढच्या सीटवर बसून ऐकला,
आणि थांबव म्हणायला
मला एक अख्खं वळण लागलं.

गुडघ्याला लाल फडकं बांधलं.
वऱ्हाडाला वाटलं, सजावट.
एकीनं तर विचारलं,
दुसऱ्या पायाला का नाही?

चिंचोळी एमआयडीसीत इराण्णा म्हणाला,
बघा की दस्तगीरभाई, फळ्या दोन इंची,
वर रबराची मॅट टाकून देतो, फुकट.
मी म्हटलं, मला आत बांध.
काय म्हणालाव?
दार लाव, म्हटलं, आणि हायवेपर्यंत फिरवून आण.

नसरीन हसली.
मग हसायची थांबली.

आत ताज्या रंगाचा वास, डोळे चुरचुरतात.
मी हात पाठीमागं बांधून घेतले,
तिला कुठं हात आहेत धरायला.
छातीशी आडवा दांडा, बस्स.
स्पीडब्रेकर आधी पायाला कळतो, मग पोटाला,
डोक्याला सगळ्यात शेवटी.
वळण डावं का उजवं
हे पडायला लागल्यावर समजतं.
मागांचा खडखडाट आला नि गेला,
टॉवेल रंगवायच्या हौदांचा आंबूस वास आला नि गेला.
कुठं आहे, किती राहिलं,
सांगणारं कुणी नाही.
मी नसरीनला हाक मारली.
मग मोठ्यानं मारली.
ट्रेलर चालत राहिला.

दार उघडलं तेव्हा कपाळावर टेंगूळ.
इराण्णा पाणी आणायला पळाला.
मी म्हटलं, फळी चांगली आहे. ब्रेक वाईट.
तो म्हणाला, ब्रेक नवा आहे, भाई,
माझा पाय वाईट.

नसरीन चौथा रकाना आखत होती.
वर लिहिलं: हाक ऐकू येते का.
पवनगतीपुढं, फोन करून विचारणे.
तुरंगपुढं, फुली.
इराण्णापुढं पेन टेकवून तिनं त्याच्याकडं बघितलं.

त्यानं पुढच्या पत्र्यावर
खडूनं चौकोन काढला, घोडीच्या तोंडाएवढा.
इथं कापतो. जाळी बसवतो.
पिकअपची मागची काच तुम्ही उघडी ठेवा.
अठराशे जास्त होतील.

चौदाशे, मी म्हटलं.
जिभेची सवय.
मग तो गुडघा आठवला
आणि पुढं काही बोललो नाही.
इराण्णानं जरा वेळ वाट बघितली,
आणि आपणहूनच
चौकोनात सोळाशे लिहिलं.