डावीकडचा अर्धा इंच

देवमाशाच्या तोंडातली ती झालर
गोदीवरून आमच्या गल्लीत यायची तेव्हा
काळी, केसाळ, उग्र वासाची असायची.
मी रात्रभर भिजत घालायची,
सकाळी गरम पाण्यातून काढून
करंगळीहून अरुंद पट्ट्या चिरायची.
अख्खा समुद्र गाळून घेणारं हे हाड
(हाड नव्हेच ते, नखासारखं काहीतरी)
आता बायकांचा श्वास गाळणार होतं.

पोर्ट्सीच्या आमच्या आळीत घरटी एक नवरा जहाजावर
आणि घरटी एक सुई खिडकीशी.
मिसेस गॉसलिंग कापड बेतून पाठवायच्या:
सहा तुकडे डावे, सहा उजवे,
एकमेकांची आरशातली भावंडं.
दुहेरी कापडात टिपा मारून बोळकांड्या करायच्या,
एकेका बोळात एकेक पट्टी सरकवायची.
टोकाशी रेशमाचे टाके, कोंबडीच्या पावलासारखे,
नाहीतर हाड कापड फाडून बाहेर येतं
आणि नेमकं बरगडीवर बोट ठेवतं.
पुढे पोलादी पट्ट्या, आकड्या, खुंट्या.
मागे पितळी डोळे, त्यांतून नाडी.
दिव्याचं तेल ज्याचं त्याचं.

शेवटी खळ लावून तांब्याच्या धडावर चढवायचं.
त्या धडाला डोकं नव्हतं, हात नव्हते,
आत वाफ सोडली की तापायचं.
साऱ्या गावाच्या कमरा त्या एकाच बाईच्या.

मे महिन्यात औषधवाल्या प्रिदमची लेटिस आली.
वय एकोणीस. दारातून आधी उजवा खांदा आला,
मग बाकीची ती.
लोकांनी जन्मभर तिची मापं काढली होती,
फीत लावून कुणीच नाही.
काखेपासून कमरेपर्यंत उजवीकडे नऊ इंच, डावीकडे सात.
मी पुन्हा मोजलं.
ती म्हणाली, तिसऱ्यांदाही तेवढंच येईल.

तांब्याची बाई इथे कामाची नव्हती.
जुन्या वर्तमानपत्रावर मी नवा बेत काढला:
उजवीकडे एक कळी जास्त,
डावीकडे कापसाची गादी,
हाडं इकडे सात, तिकडे अकरा.
शिवून टेबलावर उभं केलं
तर ओहोटीत रुतलेल्या गलबतासारखं
एका अंगावर कललेलं.
मिसेस गॉसलिंग म्हणाल्या, थर्झा, प्यायली होतीस का?

पण अंगावर चढवून नाडी ओढली,
वरून कमरेकडे, खालून कमरेकडे,
तसं वाकड्यावर वाकडं बसलं
आणि पोरगी सुतासारखी सरळ.

आरशासमोर बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, श्वास कुठे ठेवायचा?
मी तिच्या गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं टेकवली.
इथे. पोटातला श्वास घरी, नाडी सोडल्यावर.
ती हसली नाही.
मीही गंमत केली नव्हती.

ऑगस्टात ते कॉर्सेट दुरुस्तीला आलं.
डावीकडची तीन हाडं मोडलेली,
शिवणीत वाळू, अस्तरावर मिठाचे पांढरे ओघळ.
होडी वल्हवली, म्हणाली.
कुणाबरोबर, ते मी विचारलं नाही.

हाडं बदलली. टाके नवे घातले.
आणि डावीकडे अर्धा इंच सैल सोडलं.
तेवढ्यापुरती ती पुन्हा कलणार होती, जराशी,
कुणाला दिसलीच तर पाठीमागून.

वहीत लिहिलं: हाडं तीन, नऊ पेन्स.
तो अर्धा इंच कुठल्या रकान्यात मांडायचा
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.